जामखेड: दर आठवड्याचे ते दोन दिवस

अहिल्यानगर जिल्ह्याचं आग्नेय टोक म्हणजे जामखेड तालुका. नकाशात बघितलं तर जुन्या नगर जिल्ह्याचा हा कोपरा बीड, धाराशिव आणि सोलापूर यांच्या मध्ये शिरलेला दिसतो. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यातलं. मराठे आणि निजाम यांची १७९५ ची लढाई झाली ते खर्डाही इथलंच. इतिहास मोठा, पण पाऊस बेभरवशाचा. रब्बीची ज्वारी, दारातल्या दोन-चार शेळ्या आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या यांवर इथली कित्येक गावं जगत आली.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य इथे आलं. बंद पडलेल्या जनावरांच्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांनी काम सुरू केलं. नाव ठेवलं काँप्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट. लोक त्याला नुसतं 'जामखेड प्रकल्प' म्हणतात. त्यांच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये प्रकल्पातल्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर २६ च्या आसपास. पाच वर्षांखालच्या मुलांमधलं कुपोषण ४० टक्क्यांवरून सुमारे ५ टक्क्यांवर उतरलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये रजनीकांतांना पद्मभूषण. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरातल्या निवडक प्रयोगांवर जे लिखाण प्रसिद्ध केलं त्यात जामखेड होतं. 'सर्वांसाठी आरोग्य' हे ध्येय पुढे ठेवणारी अल्मा-आटाची परिषद त्यानंतर तीन वर्षांनी भरली.

सामाजिक कामात असणाऱ्यांना हे सगळं तोंडपाठ असतं. पण हे घडलं कशामुळे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं येतं: निरक्षर बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. उत्तर बरोबर आहे, पण अर्धवट. बाई निवडणं ही सुरुवात होती. त्या बाईसाठी दर आठवड्याला, वर्षानुवर्षं, खंड न पडू देता जो वर्ग भरला तो या प्रयोगाचा कणा. जामखेडवरून धडे घेणाऱ्या सरकारी योजनांनी बाई उचलली, तिची औषधांची पिशवी उचलली आणि वर्ग तेवढा जामखेडलाच ठेवला. हे लेखन मुख्यतः त्या वर्गाबद्दल आहे.

वडाळ्यात काय कळलं

आरोळे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलं. साठच्या दशकात काही वर्षं नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काम केलं. रांग लागायची. उपचार चांगले व्हायचे. आणि बरं होऊन गेलेलं तेच मूल दोन महिन्यांनी त्याच जुलाबाने पुन्हा आईच्या कडेवर यायचं. दवाखान्यात येणाऱ्या आजारांपैकी बहुसंख्य आजार मुळात टाळता येण्यासारखे आहेत आणि दवाखान्याच्या भिंतीआड बसून ते टळणार नाहीत, हे दोघांच्या तिथे लक्षात आलं. नंतर ते अमेरिकेत गेले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि परत येताना मोठं शहर न निवडता जामखेड निवडलं.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आल्या आल्या त्यांनी गावांना आरोग्याचे पाठ दिले नाहीत, कारण कुणाला ते नको होते. लोकांना पाणी हवं होतं, धान्य हवं होतं आणि जवळपास शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर हवा होता. तेव्हा हॉस्पिटल चालू ठेवणं ही सौद्यातली पहिली बाजू होती. रात्री-अपरात्री अडलेली बाळंतीण सोडवणाऱ्या डॉक्टरचं म्हणणं गाव दिवसा ऐकून घेतं. गावातल्या तरुण शेतकऱ्यांना जमवायला त्यांनी व्हॉलीबॉलचा आधार घेतला. चेंडू कुणाच्या हातून कुणाकडे गेला याचा विटाळ धरत बसलं तर खेळ होत नाही. त्या जमावातून पुढे शेतकरी मंडळं उभी राहिली. पाहणी करणं, मुलांचं वजन घेताना मदत करणं, बांधबंदिस्तीला माणसं आणणं ही कामं त्यांनी उचलली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना मिलो (आयात केलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (मदत म्हणून मिळणारा कोरडा पोषक आहार) हे शब्द पुरेसे आहेत. प्रकल्पाने धान्याच्या बदल्यात कामं काढली, लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली आणि कूपनलिका खोदायला घेतल्या. कूपनलिकांचा किस्सा डॉ. आरोळे सांगत असत. भूगर्भतज्ज्ञाला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पाण्याची जागा शक्यतो दलित वस्तीतच शोध. गावाला सांगायचं, तज्ज्ञाने दाखवलं तिथेच पाणी आहे. हातपंप बसला दलित वस्तीत आणि ज्यांना आजवर विहिरीला शिवू दिलं नव्हतं त्यांच्या दारी गावाने घागरी घेऊन यायला सुरुवात केली. तहानेपुढे शिवाशीव कितपत टिकते ते तेव्हा दिसलं. मला या किश्श्यात चलाखीपेक्षा नियोजन जास्त दिसतं. पाण्याची जागा ठरवणं हा तांत्रिक निर्णय आहे असं सगळे मानतात, म्हणून त्यावर कुणी वाद घालत नाही. आरोळ्यांनी ती पळवाट गरिबांच्या बाजूने वापरली. एरवी ती नेहमी उलट्या बाजूने वापरली जाते.

नर्सबाई टिकल्या नाहीत

सुरुवातीची कल्पना पुस्तकी होती: गावोगावी शिकलेली नर्स ठेवायची. ती फसली. शहरातून आलेली तरुण, एकटी मुलगी गावात राहणार कुठे, रात्री बोलावणं आलं तर कुणाच्या भरवशावर जाणार? गावातल्या बायका तिच्याशी आदराने बोलत, पण मनातलं सांगत नसत. तीही त्यांच्या घरात पाटावर बसून बोलत नसे. एका सरपंचाने सुचवलं की बाहेरची मुलगी कशाला, आमच्याच गावातली बाई शिकवून तयार करा.

मग या ग्राम आरोग्य कार्यकर्तीची निवड गावाने करायची, असं ठरलं. निवडून आल्या त्या बऱ्याचदा वयाने थोराड, कित्येक दलित, काही विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या. बहुतेकींनी पाटी कधी हातात धरलेली नव्हती. गावाने अशाच बायका का दिल्या याचं एक कारण उघड आहे, पण सांगायला कुणाला आवडत नाही: प्रतिष्ठित घरची सून दारोदार फिरायला कोण पाठवणार? काम हलकं वाटलं म्हणून ते हलकं मानल्या गेलेल्या बायकांकडे आलं. काही वर्षांत कामालाच किंमत आली आणि पाटीलवाड्यातली बाळंतीणही तिला बोलावू लागली, तोवर ज्ञान तिच्याकडे जाऊन बसलं होतं. ते परत मागता येण्यासारखं नव्हतं.

वर्ग

आठवड्यातून एकदा या बायका जामखेडला यायच्या, एक रात्र मुक्काम करायच्या आणि दुसऱ्या दिवशी परतायच्या. प्रशिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खुर्च्या, फळा, हजेरीपट आणि चहा-बिस्किटं येतात. इथे जमिनीवर गोल करून बसायचं आणि पहिलं काम म्हणजे प्रत्येकीने सांगायचं की गेल्या आठवड्यात माझ्या गावात काय झालं. कुणाचं मूल तापलं, कुणाची सून सातव्या महिन्यात सुजली, कोण औषधाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडून बसलं. त्या आठवड्याचा धडा त्यातून निघायचा. एकीची अडचण सगळ्यांचा अभ्यास व्हायची आणि जिची अडचण असेल ती उत्तर घेऊन दुसऱ्या दिवशी घरी जायची.

लिहिता येत नसल्यामुळे सगळं पाठांतरावर, चित्रांवर, गाण्यांवर आणि हातांवर बेतलेलं होतं. जात्यावर शेकडो ओव्या मुखोद्गत ठेवणाऱ्या बायकांना आजाराची लक्षणं लक्षात ठेवणं जड नव्हतं. जड होतं ते दुसरं: जुन्या समजुतीला तोंड देणं. एक साधं उदाहरण घ्या. बाळंतिणीचा पहिला चीक घाणेरडा म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला दोन-तीन दिवस गुळाच्या पाण्यावर ठेवायचं, ही रीत घरोघर होती. 'डॉक्टर म्हणतात चीक द्या' हे वाक्य सासूपुढे टिकत नाही. सासू म्हणणार, माझी पाच वाढली ती काय डॉक्टरला विचारून? अशा वेळी काय बोलायचं याची तालीम वर्गातच करायची. एकीने सासू व्हायचं, एकीने सून, आणि बाकीच्यांनी सासूच्या बाजूने जोरात भांडायचं. गाईच्या वासराला आपण चीक पिऊ देतोच ना, पहिल्या दिवसापासून? हा मुद्दा ज्या बाईने जन्मभर गोठा काढला आहे तिच्याच तोंडून शोभतो आणि पटतोही.

किंवा जुलाब. लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. कृती इतकीच, पण घरातला चमचा कोणता, तांब्या किती मापाचा आणि मीठ खडं की बारीक, यावर पोराचं बरंवाईट ठरतं, कारण मीठ जास्त झालं तर तेच पाणी घातक होतं. म्हणून खूणगाठ अशी की आधी स्वतः चाखायचं, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं आणि नव्याने करायचं. शिकायला दोन मिनिटं लागतात. पण घाबरलेल्या आईला मध्यरात्री ते बिनचूक करता यावं, यासाठी तिच्या शेजारी राहणाऱ्या कुणीतरी ते पन्नास वेळा करून दाखवलेलं असावं लागतं.

बाळंतपणाची पुडी हीसुद्धा तशीच साधी वस्तू: साबण, निर्जंतुक ब्लेड, नाळ बांधायला दोरा, स्वच्छ कापड. विळ्याने किंवा हाताला लागेल त्या पात्याने नाळ कापली जात होती तोवर धनुर्वाताने बाळं जाणं हा नशिबाचा भाग मानला जाई. कार्यकर्तीने सुईणींना हटवलं नाही. त्यांना सोबत घेतलं, पुडी दिली आणि कोणत्या खुणा दिसल्या की न थांबता जामखेडला न्यायचं ते ठरवून घेतलं. हॉस्पिटल पाठीशी आहे हे माहीत असल्यामुळे तिच्या शब्दाला वजन होतं. पाठवलेल्या बाईला तिथे 'गावठी बाईने पाठवली' म्हणून कुणी हिणवत नसे. ही शेवटची गोष्ट लहान वाटेल, पण सरकारी दवाखान्याच्या दारात आशाताईला, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावच्या आरोग्य कार्यकर्तीला, आजही काय ऐकून घ्यावं लागतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना तिची किंमत कळेल.

रात्रीच्या मुक्कामाचाही अभ्यासक्रमात वाटा होता. वेगवेगळ्या जातींच्या बायका एका ठिकाणी जेवायच्या आणि पांघरायला एकच मोठं पांघरूण असायचं. सुरुवातीला कुरकुर झाली. थंडीने ती मिटवली. बेटीबंदी-रोटीबंदीवर व्याख्यान देऊन जे साधलं नसतं ते एका मोठ्या पांघरुणाने साधलं. अर्थात गावी परतल्यावर लगेच सगळं बदललं असं समजू नये. पण आठवड्यातून एक रात्र माणूस म्हणून झोपलेली बाई उरलेल्या सहा रात्री स्वतःकडे वेगळ्या नजरेने बघू लागते.

या वर्गाचा खर्च किती? एसटीचं भाडं, दोन वेळचं जेवण आणि शिकवणाऱ्याचा वेळ. पैशांपेक्षा वेळ महाग. शल्यक्रियेतला माणूस दर आठवड्याला जमिनीवर बसून सुईणींच्या गप्पा ऐकतोय, हे आपल्या वैद्यकीय व्यवस्थेत बसतच नाही. आरोळे दांपत्याने ते दशकानुदशकं केलं. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. त्यानंतर प्रकल्पाची धुरा त्यांच्या मुलांनी, डॉ. शोभा आणि रवी आरोळे यांनी सांभाळली.

शेळी, बांगड्या, सुकट

आरोग्याच्या कामात पैशाचा विषय दोन बाजूंनी येतो आणि जामखेडने दोन्ही बाजू धरल्या.

पहिली बाजू अशी. कोरडवाहू घराला कर्जात ढकलणारी कारणं बघितली तर दुष्काळ आणि लग्न यांच्या बरोबरीने आजारपण येतं. क्षयाचा रोगी घरात असेल तर कमावता हात जातो, औषधाला शेळी जाते, मग सावकार येतो. क्षय आणि कुष्ठरोग यांचं निदान गावातच, अंगावरचा बधिर चट्टा किंवा लांबलेला खोकला ओळखून व्हायला लागलं तेव्हा वाचले ते फक्त जीव नव्हते, जमिनीचे तुकडेही होते. कुष्ठरोग्याला वेगळ्या वसाहतीत न पाठवता इतर रोग्यांसारखंच गावात ठेवून उपचार द्यायचे हा आरोळ्यांचा आग्रह होता. त्यामुळे माणूस घरातून, शेतातून आणि हिश्श्यातून उठला नाही.

दुसरी बाजू बायकांच्या हातातल्या पैशाची. कार्यकर्तीभोवती गावात महिला मंडळं उभी राहिली. सुरुवात आरोग्याच्या गप्पांनी झाली, पण गप्पा फार लवकर पैशावर आल्या, कारण मुलाला अंडं खायला घाला म्हणणं सोपं असतं आणि अंडं आणणार कशाने हा प्रश्न तिथेच बसलेला असतो. मंडळांनी थोडं थोडं साठवलं, एकमेकींना जामीन राहून छोटी कर्जं घेतली. शेळी घेतली, बांगड्या भरायचा धंदा केला, बाजारच्या दिवशी सुकट-बोंबील विकले, भाजी विकली. हे उद्योग कुणाला उद्योजिकेच्या चकचकीत कहाण्यांसारखे वाटणार नाहीत. पण आठवडी बाजारातून परतताना पदराला बांधलेले पैसे नवऱ्याला न विचारता खर्च करता येतात, आणि मूल तापलं तर एसटीत बसायला परवानगीची वाट बघावी लागत नाही. आरोग्य आणि अर्थकारण यांचा संबंध सांगायला मला याहून थेट उदाहरण सुचत नाही.

शेतकरी मंडळांनी बांध घातले, झाडं लावली, पाणी अडवलं. गावाच्या उत्पन्नात या कामाचा वाटा मोठा आहे, पण त्यावर पाणलोटाच्या अंगाने भरपूर लिहिलं गेलं आहे.

आता अवघड मुद्दा. ग्राम आरोग्य कार्यकर्तीला या कामाचा पगार नाही. सुरुवातीला किरकोळ मानधन होतं, पुढे तेही राहिलं नाही. त्याऐवजी तिला स्वतःचा धंदा उभा करायला मदत मिळाली. प्रकल्पाची भूमिका अशी की पगार दिला तर ती प्रकल्पाची नोकर होईल आणि गावाऐवजी पगार देणाऱ्याकडे बघेल. यात तथ्य आहे. प्रकल्प उद्या उठून गेला तरी तिचं ज्ञान आणि शेळ्या गावातच राहतात. पण याच तर्काची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बायकांनी केलेली सेवा फुकट मिळावी अशी आपल्या समाजाची जुनी सवय आहे आणि 'स्वयंसेवा' या नावाखाली ती सरकारी योजनांनी बिनदिक्कत उचलली. जामखेडमध्ये बिनपगारी कामाच्या बदल्यात बाईला आठवड्याचं शिक्षण, कर्ज, गावातला मान आणि पाठीशी उभं असणारं हॉस्पिटल मिळत होतं. यातलं काहीच न देता फक्त 'मानधन कमी' एवढं उचललं, तर ती नक्कल म्हणायची की लूट, हे ज्याने त्याने ठरवावं.

आकड्यांकडे जरा नीट

१७६ वरून २६. पण हा सगळा फरक प्रकल्पाने घडवला असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्या काळात सगळ्या देशातच अर्भकमृत्यू कमी होत होते: १९७१ मध्ये भारताचा दर १२९ होता, १९९३ मध्ये ७४. लसी आल्या, रस्ते आले, अंगणवाड्या आल्या, रोजगार हमी आली. जामखेडच्या गावांत सुरुवातीची परिस्थिती देशापेक्षा वाईट होती आणि शेवटची खूपच चांगली, एवढं या तुलनेतून म्हणता येतं. शिवाय हे आकडे प्रकल्पाने स्वतः गोळा केलेले.

म्हणून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आलेला अभ्यास महत्त्वाचा. संशोधकांनी प्रकल्पातली गावं आणि आजूबाजूची, प्रकल्पात नसलेली गावं यांतल्या बायकांना त्यांच्या बाळंतपणांचा इतिहास विचारला आणि तुलना केली. निष्कर्ष असा: एक महिना ते पाच वर्षं या वयातल्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंमध्ये मात्र ठळक फरक सापडला नाही.

या दुसऱ्या वाक्याकडे जामखेडचे चाहते काणाडोळा करतात. मला ते पहिल्याइतकंच बोलकं वाटतं. जुलाब, गोवर, कुपोषण, न्यूमोनिया हे महिन्यानंतरच्या मुलाचे शत्रू, आणि आईला शहाणं केलं, वजन घेत राहिलं, लस दिली की ते बरेच हटतात. पहिल्या महिन्यात बाळ जातं ते वेगळ्या कारणांनी: अपुऱ्या दिवसांचं असणं, जन्मताच श्वास न घेणं, जंतुसंसर्ग. त्याला वेगळं कौशल्य लागतं. ते कौशल्यही गावातल्या बाईला शिकवता येतं हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दाखवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतल्याने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी उतरलेला दिसतो. तिथल्या आरोग्यदूत गरज पडल्यास इंजेक्शनही देत. बंग दांपत्यही जॉन्स हॉपकिन्सला कार्ल टेलर यांच्याकडेच शिकलेलं. म्हणजे दोन्ही प्रयोगांचा पाया एक, पण गडचिरोलीने एका वयोगटावर नेम धरला आणि जामखेडने गावाच्या सगळ्या जगण्यावर. एकाने दुसऱ्याला खोटं पाडलं असं नाही. गावाचं एकूण भलं झालं की प्रत्येक आजार आपोआप हटेल ही समजूत मात्र यातून गळून पडते.

पिशवी गेली, वर्ग राहिला

१९७७ मध्ये जनता सरकारने देशभर सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांची योजना आणली. प्रशिक्षण तीन महिन्यांचं, मानधन महिन्याला ५० रुपये. निवड पंचायतीच्या राजकारणातून झाली आणि निवडले गेले बहुतांश पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत ज्याला प्रवेश नाही तो तिच्या आरोग्याचा कार्यकर्ता झाला! तीन महिन्यांनंतर त्याला पुन्हा शिकवायला कुणी बोलावलं नाही. हळूहळू त्याने औषधाच्या पेटीवर छोटा दवाखाना थाटला किंवा पेटी माळ्यावर टाकली.

२००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने ती चूक दुरुस्त केली आणि बाईच निवडली: आशा. हजार लोकवस्तीमागे एक, त्याच गावची सून. हा निर्णय जामखेडच्या वाटेवरचा होता आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण शिक्षणाची अट आठवी पास ठेवली. जामखेडच्या पहिल्या पिढीतल्या बहुतेक बायका या अटीनेच दारात अडल्या असत्या. प्रशिक्षण वर्षभरात २३ दिवसांचं, टप्प्याटप्प्याने. पैसा कामागणिक: बाळंतपण दवाखान्यात नेलं तर इतके, लसीकरणाला मूल आणलं तर इतके. ज्या कामाला दर लावलेला आहे ते होतं. सुनेची बाजू घेऊन सासूशी बोलणं, दारूड्या नवऱ्याला मंडळासमोर उभं करणं, आठव्या महिन्यातल्या बाईने दुपारी तासभर पडावं म्हणून घरच्यांशी हुज्जत घालणं याला तक्त्यात रकाना नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशाताई मानधनासाठी संपावर गेल्या. त्यांची मागणी रास्तच होती, जबाबदारी वाढत गेली आणि मोबदला मागे राहिला.

जामखेडच्या शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवलेली गोष्ट याहून अस्वस्थ करणारी आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. राज्य सरकारने समिती नेमली. पाहणीत १३ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांनी गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांतल्या कित्येकींचं वय चाळिशीच्या आतलं. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मुकादम दंड लावतो, अंगावरून जातं म्हणून खासगी दवाखान्यात जावं तर 'कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो, आणि शस्त्रक्रियेच्या कर्जासाठी मुकादमाकडून पुन्हा उचल (आगाऊ रक्कम) घ्यावी लागते. डॉक्टर होते, दवाखाने होते, रस्तेही होते. नव्हती ती गल्लीतली अशी एखादी बाई, जी म्हणेल, 'थांब, अंगावरून जाण्याला आधी गोळ्या असतात, तपासणी असते, मी येते तुझ्यासोबत.' आजार आणि कर्ज यांची गाठ जिथे बसते तिथे उभं राहायला कुणी नव्हतं.

आजच्या जामखेडला जशीच्या तशी १९७० ची पद्धत चालणार नाही, हेही उघड आहे. १०८ ची रुग्णवाहिका येते, बाळंतपणं दवाखान्यात होतात, गावात मधुमेह आणि रक्तदाब आलाय, मुली शिकल्यात. जुन्या कार्यकर्त्या थकल्या आणि दारोदार फिरायला नव्या सुना सहज तयार होत नाहीत. त्यांना पगाराची नोकरी हवी असते आणि त्यात गैर काही नाही.

पण एक गोष्ट उचलायला आजही नवा कायदा लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आशांची दरमहा बैठक होतेच. तिचा मोठा भाग अहवाल, ॲपमधल्या नोंदी आणि राहिलेली बिलं यांत जातो. त्या बैठकीतले पहिले दोन तास वैद्यकीय अधिकाऱ्याने खुर्ची सोडून गोलात बसावं, प्रत्येकीला 'तुझ्या गावात या महिन्यात काय झालं' एवढं विचारावं आणि जे निघेल त्यावरच शिकवावं. अहवाल नंतर भरता येतील. महिन्यातून एकदा म्हणजे जामखेडच्या वर्गाच्या चौथाई वेळाच, पण सध्या जे मिळतं त्याच्या कितीतरी पट. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या एका परिपत्रकात बसणारी ही गोष्ट आहे. बैठकीच्या दिवशीचं येण्या-जाण्याचं भाडं वेळेवर द्यावं, म्हणजे लांबच्या वाडीवरची आशा गैरहजर राहणार नाही.